प्रेस चालू असताना पाठीवर थाप मारू नये

आमच्या गावच्या, म्हणजे सायखेड्याच्या, वाचनालयाचा दिवाळी अंक निघतो. त्याचे संपादक म्हणजे हायस्कूलमधून रिटायर झालेले गुरुजी. ते गणपतीत घरी आले. म्हणाले, "दामूअण्णा, यंदाचा विषय आहे कामाच्या ठिकाणचं नेतृत्व आणि संवादकौशल्य. तुम्ही अंबडला कंपनीत सुपरवायझर होतात. लिहा काहीतरी. पोरांना प्रेरणा मिळेल."

मी म्हणालो, "गुरुजी, माझी शाळा सातवीपर्यंत. प्रेरणा-बिरणा मला जमत नाही."

"मग आठवणी लिहा."

"आठवणी लिहिल्या तर शिव्या येतील."

"त्या मी काढीन," गुरुजी म्हणाले.

काढू देत. बाकी एक अक्षर काढायचं नाही असं मी त्यांना बजावलंय. कारण यात माझ्या बायकोचं नाव बऱ्याचदा येणार आहे, आणि तिला जाऊन अजून वर्ष व्हायचंय. तिच्या दशक्रियेला गोदावरीच्या घाटावर माईक लावला होता. पुढारी बोलले. माउली कष्टाळू होत्या, धार्मिक होत्या, दामूअण्णांच्या पाठीशी खंबीर उभ्या होत्या. एकाला तर तिचं नावच माहीत नव्हतं, शेजारच्याला विचारून बोलला. मी डोकं भादरलेला, ओल्या धोतरात बसलेलो, म्हणून गप्प राहिलो. नाहीतर तिथंच उठून विचारलं असतं, की माझ्या पाठीशी उभी राहायला तिला वेळ कुठं होता? ती वीस-बावीस बायकांची टोळी चालवायची.

टोळी म्हणजे द्राक्षाच्या कामाची. सायखेड्याच्या लोकांना हे सांगायला नको, पण अंक शहरातही जातो म्हणून सांगतो. निफाडकडच्या बागांमधे घड धरले की मण्यांची दाटी होते. लहान कात्रीनं मधले मणी कापून काढायचे, म्हणजे उरलेले फुगतात. याला विरळणी म्हणतात. हे काम बायका करतात आणि टोळीला एक मुकादम असते. बागवाल्याशी बोलणं, जीप ठरवणं, कोण कुठली ओळ घेणार ते बघणं, भांडणं मिटवणं, सगळं तिच्या गळ्यात. माझी बायको सुमन अशी मुकादम होती. तिला कुणी नेमलं नव्हतं. आधीची मुकादम लेकीकडं राहायला गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बायका डबे घेऊन आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एवढंच.

आता माझं सांगतो. मी नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होतो. प्रेस म्हणजे दारापेक्षा उंच मशीन. खाली एक साचा, वर एक साचा. मधे पत्र्याचा तुकडा हातानं ठेवायचा, बटण दाबायचं, वरचा साचा धाडकन खाली येतो आणि पत्र्याची वाटी होते, पट्टी होते, जे काय व्हायचं ते होतं. पत्रा कुठला आणि बोट कुठलं हे मशीनला कळत नाही. म्हणून बटणं दोन असतात, एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्ही एकदम दाबली तरच मशीन खाली येतं. दोन्ही हात बटणांवर असले की साच्यात हात राहील कसा? ज्यानं कुणी हे डोकं चालवलं त्याला माझा नमस्कार.

पण आमचीही डोकी होती. एका बटणाच्या फटीत लाकडाची बारीक पाचर ठोकायची. ते बटण दाबलेलंच राहतं. मग दुसरं एका हातानं दाबलं की झालं. एक हात मोकळा, काम भराभर. बोटंही भराभर जायची. नव्वद सालाच्या आसपास अंबडच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर उभे राहिला असतात, तर ग्लास कोण कसा धरतो यावरून प्रेसवाला ओळखला असतात.

आणखी एक. प्रेस शॉपमधे आवाज एवढा, की शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही. त्यामुळं आमच्यात एक रीत होती. मशीनवरच्या माणसाला मागून हात लावायचा नाही. हाकसुद्धा मागून मारायची नाही. वळसा घालून समोर जायचं, त्याला दिसेल असं उभं राहायचं, त्याचा तुकडा निघेपर्यंत थांबायचं, मग बोलायचं. घरून कुणी गेल्याचा निरोप आला असला तरी असाच द्यायचा. नवा माणूस आला की त्याला हे आधी सांगितलं जाई, संडास कुठं आहे ते नंतर.

आमचा जुना सुपरवायझर सोडून गेला तेव्हा पाठक साहेबांनी मला बोलावलं. पाठक म्हणजे आमचे प्रॉडक्शन मॅनेजर. म्हणाले, "दामू, तुझा आवाज मोठा आहे. तू हो सुपरवायझर." ही माझी लायकी. आवाज मोठा.

मग मी आवाज वापरला. पहिल्याच दिवशी ओरडत फिरलो, "पाचरी काढा रे!" पोरांनी काढल्या. मी वळलो की परत बसवल्या. मी आणखी मोठ्यानं ओरडलो, त्यांनी आणखी चपळाईनं बसवल्या. मी पाचरी जप्त करून खिशात टाकायचो. पोरं म्हणायची, "अण्णा, घरी चूल पेटवायला नेताय का?" आणि लाकडाच्या खोक्याची ढलपी काढून नवी बनवायची.

घरी येऊन मी सुमनसमोर वैतागलो. ती कात्र्यांना धार लावत बसली होती.

"तुम्ही कुठं उभे असता?" तिनं विचारलं.

"कुठं म्हणजे? टेबलापाशी. मधून मधून चक्कर मारतो."

"मग त्यांना तुम्ही दिसताच कुठं? टेबल दिसतं."

"तू काय करतीस मग?"

"माझ्यात सगळ्यात हळू चंद्राबाई. मी तिच्या शेजारची ओळ धरते. तिच्याच बरोबर सरकते."

"सगळ्यात हळू बाईबरोबर? मग काम उरकतं कसं?"

"उरकतं. ती हळू का आहे ते शेजारी बसल्यावर कळतं. लांबून नुसती आळशी दिसते."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. बायको द्राक्षाचं सांगतेय, माझं लोखंडाचं काम, असं मनात आलं.

तेवढ्यात कंपनीत ट्रेनिंगचं वारं आलं. आम्हा सगळ्या सुपरवायझरांना नाशिकच्या एका मोठ्या हॉटेलात नेलं. विषय हाच, नेतृत्व आणि संवाद. पुण्याहून मॅडम आल्या होत्या. डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांना खुर्च्यांमधून न्यायचा खेळ झाला. कागदाचे मनोरे केले. जेवायला काटे-चमचे. आमच्यातला एक फिटर सुपरवायझर म्हणाला, "दामू, हे असं रोज असलं तर मी मरेपर्यंत नेतृत्व शिकीन." शेवटी मॅडमनी सांगितलं, घरी रोज आरशासमोर उभं राहून स्वतःला सांगायचं, मी नेता आहे.

मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. सुमन मागून आली.

"कोणाशी बोलताय?"

"मॅडमनी सांगितलंय."

"बरं. त्याच्याशी बोलून झालं की दोन हंडे भरून ठेवा. मला जीप गाठायचीय."

पण त्या मॅडमची टिंगल करायला मी हे लिहीत नाही. त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मी आयुष्यभर वापरली. त्या म्हणाल्या, समोरचा बोलायचा थांबला की लगेच तोंड उघडू नका. अजून जरा थांबा. खरी गोष्ट मागून येते. ही एक गोष्ट आणि सुमनची चंद्राबाई, या दोन्ही डोक्यात एका जागी येऊन बसल्या, आणि एका सोमवारी मी टेबल सोडून मशीनवर बसलो.

बसलो तो हिरामणच्या शेजारच्या प्रेसवर. हिरामण पेठकडच्या डोंगरातला. घरी भात-नागलीची शेती, पूर्वी हंगामात निफाडला द्राक्षाच्या मजुरीला यायचा, तिथून कंपनीत लागला. अंगानं बुटका, कामाला वाघ, बोलायला मुका. त्याच्या बोलीला पोरं हसायची म्हणून त्यानं बोलणंच सोडलेलं. आणि पाचर मारण्यात सगळ्यांत पुढं. किती वेळा काढली तरी त्याची परत बसलेली.

मी त्याच्या शेजारी दोन्ही बटणं दाबत काम केलं. दुपारी चहाला त्याच्याजवळ बसलो.

"हिरामण, पाचर का मारतो रे?"

"काय नाय अण्णा."

मी बोललो नाही. चहा प्यालो. तोही प्याला. ग्लास खाली ठेवला. माझ्या तोंडात दहा वाक्यं आली होती, सगळी गिळली. भोंगा व्हायची वेळ आली तेव्हा तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "बटणं लय उंच हायेत अण्णा. दिवसभर हात वर करून खांदा भरून येतो. रात्री कूस बदलता येत नाय. पाचर मारली का एकच खांदा दुखतो."

एवढी वर्षं त्या शॉपमधे आम्ही सगळे त्याला हावरट समजत होतो. त्याला जास्त नग काढायचेत म्हणून मारतो, असं. त्याचा खांदा दुखत होता.

फिटरला बोलावून मी बटणांचे खांब खाली घेतले. ज्यांची मशीनच उंच होती त्यांना उभं राहायला लाकडी फळ्या केल्या. मग दुसऱ्याच्या शेजारी बसलो. त्याचं कारण वेगळं निघालं, तिसऱ्याचं आणखी वेगळं. एकाचं कारण एवढंच होतं, की सगळे मारतात. दिवाळीपर्यंत माझ्या पाळीत पाचर राहिली नाही. मला खिसे तपासावे लागले नाहीत.

पाठक साहेब मात्र नाराज होते. सुरुवातीला काम थोडं मागं पडलं होतंच. त्यात मी मशीनवर. म्हणाले, "दामू, तू आता सुपरवायझर आहेस. हात काळे करू नकोस. बाकीच्या सुपरवायझरांना कमीपणा येतो."

"साहेब, टेबलापाशी बसलो तर मला येतो."

"उलट बोलू नकोस. संवादाचं ट्रेनिंग दिलंय ना तुला?"

"दिलंय ना. तेच करतोय."

पाठक साहेब वाईट नव्हते. हे मी मुद्दाम लिहितो. माणूस सरळ होता, कामगाराच्या घरी लग्न असलं तर यायचा, पंगतीत बसायचा. पण त्यांचं बसणं ऑफिसात. फ्लोअरवर आले तरी मधल्या रस्त्यानं जायचे, मशीनजवळ कधी यायचे नाहीत. त्या थंडीत त्यांचंही ट्रेनिंग झालं, पुण्याला, आमच्यापेक्षा मोठं. तिथं त्यांना शिकवलं, की कामगाराचं मनापासून कौतुक करा. ऑफिसात बसून नको, त्याच्या कामाच्या जागी जाऊन. नाव घेऊन हाक मारा. पाठीवर हात ठेवा.

साहेब आले ते हे करायलाच. त्या दिवशी आमचा माल घेणाऱ्या कंपनीची माणसं शॉप बघायला आली होती. हिरामणच्या मालात खोट निघत नव्हती, म्हणून साहेबांना तो पाहुण्यांना दाखवायचा होता. मी चार मशीन पलीकडं होतो. बघतो तर साहेब हसत हसत हिरामणच्या मागून चाललेत, मागं पाहुणे. मी हात केला, समोरून जा, समोरून. साहेबांना वाटलं मी नमस्कार करतोय. त्यांनीही हात केला. आणि हिरामणच्या पाठीवर जोरात थाप मारून म्हणाले, "शाब्बास हिरामण!"

हिरामणचा उजवा हात साच्यात होता, पत्रा बसवत. तो दचकला. डावा पंजा फाडकन बटणावर पडला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, बटण पुरतं आत गेलं.

मशीन हललं नाही. दुसरं बटण मोकळं होतं. तिथं पाचर असती तर हाताचं काय झालं असतं ते मी दिवाळी अंकात लिहीत नाही.

मी कसा पोचलो मला आठवत नाही. साहेबांची कॉलर धरून त्यांना मागं ओढलं आणि पाहुण्यांसमोर, सगळ्या शॉपसमोर, एक शिवी दिली. ती गुरुजी काढणारच आहेत. पण माझा आवाज मोठा असल्यामुळं ती त्या गोंगाटातही सगळ्यांना ऐकू गेली.

संध्याकाळी केबिनमधे बोलावलं. साहेबांचा चेहरा उतरलेला.

"दामू, पाहुण्यांसमोर कॉलर धरलीस माझी."

"साहेब, त्याचा हात साच्यात होता."

"मला काय माहीत? मी कौतुक करायला गेलो होतो रे."

हे खरं होतं.

"सभ्य भाषेत सांगता आलं असतं तुला."

"सभ्य भाषेला वेळ लागतो साहेब."

दोन दिवसांनी निर्णय आला. महिन्याच्या सुरुवातीला कॅन्टीनमधे सगळ्या कामगारांची मीटिंग व्हायची, माईक लावून. त्या मीटिंगमधे मी झाल्या प्रकाराची माफी मागायची. मागितली तर सुपरवायझर राहीन. नाहीतर परत मशीनवर. कामगारांचं बघणाऱ्या पर्सोनेल ऑफिसरनं मला वर ऐकवलं, "मुद्दा नेतृत्वाचा आहे. अधिकाऱ्याच्या अंगाला हात लावला तर शिस्त राहील का?"

बाकीचे सुपरवायझर म्हणाले, "माग की. तोंड वाकडं करून दोन शब्द बोलायचे. पद मिळालेलं कोण सोडतं?" मला पद नको होतं असं नाही. खोटं कशाला बोलू? हवं होतं. मला लोक सुपरवायझर म्हणायचे तेव्हा बरं वाटायचं. बसमधे जागा मिळायची. पण माझ्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. मी सगळ्यांसमोर म्हणालो की साहेबांना ओढलं ते चुकलं, तर उद्या दुसऱ्या मशीनवर कुणी मागून आला तर बाकीचे काय करतील? अदबीनं बघत उभे राहतील.

सुट्टीच्या दिवशी मी सुमनच्या टोळीबरोबर बागेत गेलो. घरात बसवेना. विरळणी जोरात होती. मी बांधावर बसलो. तेवढ्यात बागवाला तणतणत आला. एका बाईनं जास्त मणी कापले होते.

"वैनी, या बाईला उद्यापासनं आणायचं नाय."

सुमन ओळीतून बाहेर आली. आवाज न चढवता म्हणाली, "बरं. मग उद्या दुसरी टोळी बघा."

"मी फक्त हिला म्हणलो."

"मीपण हिचंच बोलतेय. हिला कात्री मी दिली, ओळ मी दिली. चुकलं असलं तर ते मला बोला. तिला कशाला घालवता?"

बागवाला "बघा, नीट करा म्हणजे झालं," असं पुटपुटत पाण्याकडं गेला. तो गेल्यावर सुमननं त्या बाईला बाजूला घेतलं आणि असं काही झापलं की ती रडायला लागली. मग तिला आपल्या शेजारच्या ओळीत आणून बसवलं.

दुपारी डबा खाताना मी तिला म्हणालो, "मी माफी मागणार नाही."

"शिवी दिली होती ना?"

"तोंडातनं गेली."

"आईवरनं?"

मी मान खाली घातली.

"त्याची मागा," ती म्हणाली. "त्या माणसाची आई मधे कुठं आली होती? शिवीची माफी मागा. ओढल्याची मागू नका."

"अर्धी माफी ते घेणार नाहीत."

"नका घेऊ म्हणावं. पण बोलताना साहेबाकडं बघून बोलू नका. पोरांकडं बघा. ऐकायचंय ते त्यांना."

मीटिंगच्या दिवशी मी माईकसमोर उभा राहिलो. मॅडमनी शिकवलेलं काही आठवलं नाही. मी हिरामणकडं बघितलं. तो शेवटच्या बाकावर, मान खाली घालून.

मी म्हणालो, "मी पाठक साहेबांना शिवी दिली. आईवरनं दिली. ती चूक. त्याची मी सगळ्यांसमोर माफी मागतो. साहेब, मला माफ करा." साहेबांनी मान हलवली. मी पुढं बोललो, "साहेबांना ओढलं, ती चूक नाही. मशीनवरच्या माणसाच्या मागून कुणी आला, तो साहेब असो, मंत्री असो, तर मी परत ओढीन. तुम्हीपण ओढा. मला ओढायची वेळ आली तर मलाही ओढा. कॉलर फाटली तर मी शिवून देईन."

मागून कुणीतरी हसलं. मग कुणी टाळी वाजवली, ती एकट्याचीच वाजली आणि थांबली. सगळ्यांना नोकऱ्या होत्या.

पाठक साहेबांनी माईक घेतला. "म्हणजे पूर्ण माफी नाही?"

"नाही साहेब."

दुसऱ्या दिवशी मी मशीनवर होतो. माझ्या जागी डिप्लोमा झालेला एक शांत माणूस आला. चांगला होता. मी त्याला त्रास दिला नाही, पोरांनाही देऊ दिला नाही. जेवायला परत बाकावर बसायला लागलो. हिरामणनं डब्यातली नागलीची भाकरी मोडून अर्धी माझ्या पुढ्यात सरकवली.

घरी सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "शिवीची मागितली ना?" "मागितली." "मग झालं," म्हणाली आणि जीपवाल्याशी बोलायला निघून गेली. मला वाटलं, विषय संपला.

संपला नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या पाळीत एकाची दोन बोटं गेली. पाचर होती. त्या आठवड्यात पाठक साहेब माझ्या मशीनपाशी आले. समोरून आले, माझा तुकडा निघेपर्यंत थांबले. मला बाहेर नेलं.

"दामू, तुझ्या पाळीत पाचर नाही. दुसऱ्या पाळीत मी नोटीस लावली, दंड लावला, तरी जात नाही. तू तिकडं जा. सुपरवायझर म्हणून."

"आणि ती अर्धी माफी?"

"ते सोड आता." त्यांना त्रास होत होता, दिसत होतं. "मी चुकलो होतो असं मी म्हणू शकत नाही, खुर्ची आहे. पण तू जा."

मी म्हणालो, "जातो. पण ऑपरेटर म्हणून. सुपरवायझर नको."

"का रे?"

"तुम्ही काढून घेतलेलं परत घेणार नाही."

साहेब म्हणाले, "हट्ट आहे हा." मी म्हणालो, "आहे." आणि दुसऱ्या पाळीत जाऊन पहिल्या दिवसापासून सगळ्यात जास्त पाचरी मारणाऱ्याच्या शेजारी बसलो. पावसाळा संपेपर्यंत तिथल्याही गेल्या. कागदावर ते काम कुणाच्या नावानं लागलं मला माहीत नाही. माझ्या नावानं नाही.

मी घरी ताठ मानेनं आलो. मला वाटलं, सुमन खूश होईल. ती भडकली.

"पद घ्यायला काय झालं होतं?"

"तुला कुणी पद दिलं होतं? तू पद नसताना टोळी चालवतीस ना?"

"म्हणूनच सांगतेय! मागच्या वर्षी मी आठ दिवस तापानं पडले, टोळी फुटली. तिघी दुसऱ्या टोळीत गेल्या, चौघी घरी बसल्या. माझं ऐकतात ते माझं तोंड बघून. मी नसले की संपलं. तुमच्याकडं पद चालून आलं होतं. घेतलं असतं तर तुम्ही नियम केला असता. तुम्ही गेल्यावरही तो राहिला असता. आता तुम्ही त्या शॉपमधनं उठला की पाचर परत आत."

"पोरं शिकली आहेत."

"पोरं नवी येतात."

मी म्हणालो, माणूस मोठा, पद नाही. ती म्हणाली, "माणूस मरतो."

हे भांडण आमचं पुढं चालूच राहिलं. मी रिटायर झालो तेव्हा झालं. तिचे गुडघे गेले आणि तिची टोळी खरंच दोन महिन्यांत पांगली तेव्हा ती म्हणाली, "बघा." मी म्हणालो, तुझं वेगळं, माझं वेगळं. नातवंडांसमोर झालं. शेवटी नाशिकच्या दवाखान्यात, तिला बोलायला त्रास व्हायचा तेव्हा एकदा दुपारी ती मला म्हणाली, "तुमच्या कंपनीत कुणाला तरी विचारा. पाचर आहे का गेली."

"आता तिथं कोण ओळखतं मला?"

"तेच तर म्हणते मी," ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले. पौषात ती गेली.

मी अजून म्हणतो, माझं बरोबर होतं. साहेबांना ओढलं ते बरोबर, अर्धी माफी मागितली ते बरोबर, काढून घेतलेलं पद परत घेतलं नाही तेही बरोबर. गुरुजींनी याच्याखाली काय प्रेरणा लिहायची ती लिहावी. पण रोज सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसलो की मी तिच्या बाजूनं बोलायला लागतो. पाचर, पोरं नवी येतात, माणूस मरतो, सगळं तिच्यासारखं बोलून बघतो. आणि मग मलाच माझं उत्तर सुचत नाही.